तुकड्यावरून गाव : इमारतींच्या चित्रांवरून स्थळ ओळखण्याचा एक पाठ

ताजमहालाचे चित्र भिंतीवर नाही अशी प्राथमिक शाळा क्वचितच आढळेल. मुले ते चित्र ओळखतात. परंतु ती ते पाहतात असे मात्र म्हणता येत नाही. चौथीतील एखाद्या मुलास चित्राकडे पाठ करून उभे करावे व त्या इमारतीच्या चार मनोऱ्यांच्या शेंड्यास काय आहे, असे विचारावे. रोज त्या चित्राखाली बसणारा मुलगाही बहुधा गप्प राहतो. नाव ठाऊक झाले की पाहण्याचे कारण उरत नाही, आणि पाठ्यपुस्तकातील चित्राखाली तर नाव आधीच छापलेले असते.

यावर एक साधा उपाय काही शाळांतून करून पाहण्यात आला आहे. इमारतीचे चित्र पूर्ण न दाखविता तिचा केवळ एक तुकडा दाखवावयाचा : खिडकीचा कोपरा, छपराची कड, खांबाचे डोके, भिंतीतील चार विटा. त्या तुकड्यावरून इमारत कोणत्या प्रदेशातील व शक्य झाल्यास कोणत्या शहरातील असावी याचा अंदाज मुलांनी करावयाचा. साहित्य म्हणून जुन्या दिनदर्शिकांची पाने, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, पोस्टाची तिकिटे व शिक्षकाच्या मोबाइलमधील छायाचित्रे पुरतात. वहीच्या आकाराच्या पुठ्ठ्यास तीन बोटे रुंद व चार बोटे उंच अशी एक खिडकी कापावी आणि तो पुठ्ठा चित्रावर ठेवावा. सगळा खर्च काय तो इतकाच.

पाठ दिसावयास खेळासारखा आहे, आणि मुलांना तो आवडतो. म्हणूनच तो घेताना एक चूक सहज घडते. ती कशी घडते हे एका दोनशिक्षकी शाळेतील प्रसंगावरून अधिक स्पष्ट होईल.

त्या शाळेतील गुरुजींनी एका सोमवारी मुलांना अहमदाबादेतील सिदी सय्यद मशिदीच्या जाळीचे चित्र दाखविले होते. ही मशीद १५७२-७३ च्या सुमारास बांधली गेली. कमानीच्या आकारात बसविलेल्या दगडी जाळीत एक झाड व त्याच्या एकमेकींत गुंतलेल्या फांद्या कोरलेल्या आहेत. दगड असा कापडासारखा विणता येतो, हे मुलांना नवल वाटले. पुढील सोमवारी गुरुजींनी पुठ्ठ्याच्या खिडकीतून दुसरे एक चित्र दाखविले. टोकदार कमान, तीत दगडी जाळी, पिवळसर दगड एवढेच दिसत होते. दुसऱ्या रांगेतील एक मुलगा लागलीच म्हणाला, "गुरुजी, अहमदाबाद." का, असे विचारता तो म्हणाला, "जाळी दगडाची आहे, वरची कमान मागच्या सोमवारच्या कमानीसारखी आहे. आपल्या बाजूला अशी जाळी कुठेच नाही." त्याच्यामागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "नाही गुरुजी, मुंबई. दिवाळीत मामाने नेले होते. बोटीत बसण्याआधी हे दिसते."

चित्र गेटवे ऑफ इंडियाचे होते. मुलीस दहापैकी दहा गुण मिळाले, मुलास शून्य. वर्गाने टाळ्या वाजविल्या व पाठ संपला. त्यानंतरचे तीन सोमवार त्या मुलाने हात वर केला नाही.

केंद्राच्या मासिक परिषदेत गुरुजींनी हा पाठ मोठ्या उत्साहाने सांगितला, तेव्हा शेजारच्या शाळेतील एका बाईंनी त्यांना एक माहिती पुरविली. गेटवेचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेट या वास्तुकाराने सोळाव्या शतकातील गुजरातमधील इमारती डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. ही कमान १९२४ साली पूर्ण झाली. म्हणजे त्या मुलास जे साम्य दिसले ते खरेच तेथे होते. बांधणाऱ्याने जे गुजरातेतून उचलले, ते नऊ वर्षांच्या एका मुलाने केवळ दोन चित्रे पाहून ओळखले, आणि त्याबद्दल त्यास शून्य मिळाले!

गुरुजी दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि त्यांनी हजेरीच्या आधीच ते चित्र पुन्हा बाहेर काढले. "बाळ, त्या दिवशी तुझे गाव चुकले होते, कारण चुकले नव्हते. कारण ऐकून घेण्यात मीच चुकलो," असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. मग मुलीस विचारले, "तू मुंबई कशावरून ओळखलीस?" ती म्हणाली, "पाहिले होते म्हणून." "या तुकड्यात काय दिसते म्हणून?" यावर तिला काही सांगता येईना. तिच्या प्रवासाची आठवण हेही ज्ञानच आहे व त्यास कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलांचा मामा मुंबईस नाही त्यांना त्या ज्ञानाचा उपयोग नाही. मुलाच्या कारणाचा उपयोग मात्र सर्व वर्गास होतो. शहरे पाहिलेल्या मुलांना बक्षीस देणे एवढाच या पाठाचा परिणाम होणार असेल, तर तो न घेतलेला बरा.

म्हणून गुणदानाची रीत आधी ठरवावी. दहा गुणांपैकी चार गुण तुकड्यात जे दिसते ते नेमके सांगण्यास द्यावेत, चार गुण त्यावरून काढलेल्या अनुमानास द्यावेत. एक गुण, आपणास कितपत खात्री आहे हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यास द्यावा. गावाचे नाव बरोबर आले तर त्यास उरलेला एक गुण. हे प्रमाण मुलांना फळ्यावर लिहून दाखविले की त्यांच्या उत्तरांचे स्वरूप पालटते, असा अनुभव आहे. "पुणे, पुणे" असा गलका थांबतो. मुले पुठ्ठ्याच्या खिडकीजवळ येऊन वाकून पाहू लागतात.

आता काय पाहावयाचे, हा प्रश्न. प्रथम भिंत कशाची आहे हे पाहावे. जुन्या काळी दगड दुरून आणणे फार खर्चाचे असे, त्यामुळे सामान्य माणसाचे घर जवळच्या खाणीतील दगडाचे किंवा पायाखालच्या मातीचे होत असे. महाराष्ट्राच्या पठारावर बहुतेक ठिकाणी काळा कातळ आहे. कोकणाच्या दक्षिण भागात, गोव्यात व तेथून खाली केरळापर्यंत तांबडा, भोकाभोकांचा जांभा मिळतो. तो खाणीतून काढताना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो, म्हणून त्याचे मोठे चिरे तासून काढता येतात. आग्रा, फत्तेपूर सिक्री व दिल्ली येथे लाल वालुकाश्म, तर जैसलमेरास पिवळा. एवढे चार रंग मुलांना ठाऊक असले, तरी भारताच्या नकाशावर पुष्कळ मजल मारता येते.

मात्र दगड प्रदेश सांगतो, शहर सांगत नाही. काळा दगड पाहून मूल पुणे किंवा सातारा म्हणेल. परंतु तोच काळा कातळ माळव्यातही आहे आणि विजापुरासही आहे. १६५६ साली पूर्ण झालेला गोलघुमट काळ्या दगडाचाच आहे. तेव्हा "हे पठारावरचे असावे" येथपर्यंत मुलाने यावे व तेथे थांबून दुसरी खूण शोधावी. नकाशावर खडूने मोठे वर्तुळ काढावे व एकेक खूण सापडेल तसे ते लहान करीत जावे. वर्तुळ लहान झाले नाही तर मोठेच राहू द्यावे.

रंगाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. जयपुराचे चित्र पाहून मुले "गुलाबी दगड" असे म्हणतात. तो दगडाचा रंग नव्हे. १७२७ साली वसविलेल्या या शहरास १८७६ साली ब्रिटिश युवराजाच्या भेटीच्या निमित्ताने तो रंग देण्यात आला. तेव्हा चित्रात दगडाचे सांधे दिसतात की गिलाव्याचे पोपडे, हे आधी पाहावे. छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा हे याचे आणखी चांगले उदाहरण आहे. दुरून सारी मुले त्यास ताजमहाल म्हणतात. परंतु त्याच्या भिंतीचा खालचा भाग संगमरवराचा असून वर घुमटाच्या तळापर्यंत कातळावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे, व घुमट पुन्हा संगमरवरी आहे. जेथे संगमरवर संपतो व गिलावा सुरू होतो तेवढाच तुकडा खिडकीतून दाखवावा. एक पांढरा दुसऱ्या पांढऱ्यासारखा नाही, हे शोधून काढण्यात मुलांना विलक्षण गोडी वाटते.

दगडानंतर पाऊस पाहावा. छपराची उतरण हे पावसाचे सर्वांत उघड चिन्ह आहे. कोकणात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तेथे छपरे उभी उतरती असतात, त्यांच्या कडा भिंतीच्या पुष्कळ पुढे येतात व पडवीची भिंतही झाकली जाते. मराठवाड्याच्या व सोलापूरच्या बाजूस जुन्या घरांवर मातीचे सपाट माळवद, खानदेशात धाबे. ही गोष्ट मुलांना पुस्तकातून शिकवावी लागत नाही. माळवदावर उन्हाळ्यात झोपलेले मूल ती जाणतेच. आपण जाणतो ते भूगोलच होय एवढेच त्यास सांगावयाचे असते. गोव्याचे किंवा तळकोकणाचे चित्र दाखवून "या घराच्या वर झोपता येईल काय?" असे विचारले म्हणजे वर्ग हसतो, पण पाऊस, छप्पर व घर यांचा संबंध कायमचा ध्यानात राहतो.

कौलांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे शिक्षकही फसतात. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला व एकमेकांत अडकणारी चपटी कौले सर्व पश्चिम किनाऱ्यावर व घाटावरही पसरली. अशा कौलांवर कारखान्याचे व गावाचे नाव उमटविलेले असे. एखाद्या चित्रात कौलावर मंगळूर हे नाव वाचता आले, तर ते कौल मंगळूरचे ठरेल; घर मंगळूरचे ठरत नाही. मूळ हलविता न येणारी वस्तू व गाडीत घालून आणता येणारी वस्तू यांत भेद करावयास मुलांना शिकवावे. जोत्याचा दगड सहसा जवळचा असतो. कौल, लोखंडी गज, रंगीत काच आणि फरशी ही कोठूनही येऊ शकतात.

यानंतर दारे-खिडक्या. येथे प्रत्येक प्रदेशाची काही ना काही खास खूण सापडते, आणि वेळ असेल तर याच भागावर दोन तासिका द्याव्यात. पुण्याच्या वाड्यांत घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी सांगाडा व विटांची भिंत, चौकात सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, दोन खांबांमध्ये लाकडी महिरप, दाराच्या वर गणेशपट्टी असे सामान्यतः दिसते. शनिवारवाड्याचा दाखला मुलांना चटकन पटतो. १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. १८२८ सालच्या आगीत आतले लाकडी मजले जळाले, व आज दगडी तट, बुरूज, दरवाजे व जोती तेवढी उभी आहेत. वाड्यात काय दगडाचे होते व काय लाकडाचे, हे आगीनेच दाखवून ठेवले आहे. लाकूड पाहावयाचे असेल तर १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने बांधविलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाचे चित्र घ्यावे.

अहमदाबादच्या पोळांमधील घरेही लाकडी कोरीव कामाची आहेत, म्हणून पुण्याचे व अहमदाबादचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून मुलांना फरक शोधावयास लावावा. पोळीच्या चौकात खांबावर उभारलेला, पक्ष्यांना दाणे टाकण्याचा चबुतरा चित्राच्या कोपऱ्यात दिसला, तर काम सोपे होते. गोव्यातील जुन्या घरांत खिडकीच्या तावदानांस काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे बसविलेले असतात. दारापुढे दोन्ही बाजूंस बसावयाचे कट्टे असलेला ओटा असतो, त्यास तेथे बाल्कांव म्हणतात. कोलकात्याच्या जुन्या घरांच्या उंच खिडक्यांना आडव्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा व त्यांना बहुधा हिरवा रंग. मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस व मरीन ड्राइव्हवर १९३०च्या सुमारास उभ्या राहिलेल्या इमारतींचे सज्जे कोपऱ्यात गोल वळलेले असून खिडक्यांवर भुवईसारखे आडवे पट्टे आहेत. तर मैदानाच्या दुसऱ्या बाजूस टोकदार कमानींच्या व कळसांच्या व्हिक्टोरियन इमारती आहेत. एका मैदानाच्या दोन काठांवर दोन काळ समोरासमोर उभे आहेत म्हणावयाचे. या दोहोंचा मिळून २०१८ साली जागतिक वारशात समावेश झाला.

काही खुणा अशा असतात की त्या एकाच इमारतीवर आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या प्रवेशद्वारापाशी एका खांबावर सिंह व दुसऱ्यावर वाघ बसविला आहे. १८८७ साली खुल्या झालेल्या या स्थानकाचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा असून त्यावरील नक्षीकामात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात लागला आहे. असली खूण ठाऊक असेल तर उत्तर एका क्षणात येते. पण पाठाच्या दृष्टीने अशी चित्रे थोडीच वापरावीत. ती स्मरणाची परीक्षा होते, निरीक्षणाची होत नाही.

विटांसंबंधीचा एक अनुभव येथे नोंदवून ठेवण्याजोगा आहे. एका शाळेत जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीचा तुकडा दाखविला असता सर्व मुले लाकडाकडे पाहत होती. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाणारी व म्हणून हजेरीपटात नेहमी मागे पडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, ही वीट पातळ आहे. आमच्या भट्टीवर अशी वीट पाडत नाहीत." तिने हाताने जाडी दाखविली. तिच्या म्हणण्यात तथ्य होते : पेशवेकालीन विटा आजच्या विटांच्या मानाने पातळ व पसरट असत. त्या वर्गात हे कोणाच्याच लक्षात आले नसते, बाईंच्याही नाही. अक्षरओळखीत कच्ची म्हणून गणलेली ही मुलगी त्या दिवशी वर्गास विटेची लांबी, रुंदी व जाडी यांविषयी अर्धा तास सांगत होती, व बाईंनी त्यातूनच घनफळाचा पाठ पुढे नेला. ऊसतोडीस, गवंडीकामास, दगडखाणीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुले आपल्या शाळांतून थोडी नाहीत. त्यांनी पाहिलेले बांधकाम शिक्षकाने पाहिलेल्यापेक्षा पुष्कळदा अधिक असते.

आता फसविणाऱ्या चित्रांकडे वळावे. दर चार तुकड्यांत निदान एक तरी असा असावा. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसाचा घुमट दाखविल्यास विजापूर पाहिलेले मूल "गोलघुमट" म्हणेल. जॉन बेग यांनी आराखडा केलेली व १९१३ साली पूर्ण झालेली ही इमारत गोलघुमटावरूनच बेतलेली आहे. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे लाकडी. वरचा तुकडा दाखविला तर पुण्याचा भास होतो, कारण होळकरांबरोबर मराठी वाड्याची रीतही माळव्यात गेली. तंजावरचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठी भाषेत दगडावर कोरविण्यात आला. भिंतीवर मराठी आहे म्हणून मूल महाराष्ट्र म्हणेल, आणि शिक्षकाने नकाशावर तमिळनाडू दाखवावे. तेथून सरफोजीराजांचा, व्यंकोजीराजांचा विषय आपोआप निघतो.

यासाठीच पाट्यांवरील अक्षरे सर्वांत शेवटी दाखवावीत. ती आधी दाखविली तर मुले भिंत पाहतच नाहीत. देवनागरी पाटी दिसली तर ती मराठी की हिंदी हे 'ळ' या अक्षरावरून व 'आहे', 'चा-ची-चे' यांवरून मुले बरोबर ओळखतात. अधिक सांगण्याची गरज पडत नाही.

आणखी एका प्रकारचे चित्र हेतुपुरस्सर ठेवावे : ज्याचे उत्तर मिळणे शक्यच नाही असे. सिमेंटची भिंत, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पोलादी चकचकीत कठडा, वर पाण्याची काळी टाकी. हे लातूर असेल, इंदूर असेल, कोइमतूरही असेल. आपल्याच शाळांच्या नव्या खोल्या पाहाव्यात; रत्नागिरीच्या पावसात व सांगोल्याच्या उन्हात एकाच नमुन्याच्या उभ्या आहेत. अशा चित्रापुढे "यावरून सांगता येत नाही" असे जे मूल कारणासह म्हणेल, त्यास पूर्ण दहा गुण द्यावेत. मुलांना हे शब्द उच्चारणे जड जाते, कारण शाळेत गप्प बसण्यापेक्षा काहीतरी ठोकून देणे बरे असा समज आपणच त्यांच्या मनात रुजविलेला असतो. परंतु पुढे यांच्याच हातात मोबाइल येणार आहे, व कित्येकांच्या आलाही आहे. अतिवृष्टीच्या दिवसांत कोसळलेल्या पुलाचे किंवा बुडालेल्या वस्तीचे चित्र "आपल्या तालुक्यातील" म्हणून घरोघर फिरते आणि माणसे घाबरून रात्री-अपरात्री बाहेर पडतात. चित्रातील घरांवर उतरती कौले आहेत व आपल्या तालुक्यात सारी माळवदे आहेत, एवढे ज्या मुलास दिसते, ते आजीस सांगू शकते, "आजी, हे आपल्याकडचे नाही."

चित्रे जमविणे जेथे कठीण आहे अशा वस्तीशाळांसाठी एक युक्ती सांगावीशी वाटते. चलनी नोटांच्या नव्या मालिकेत प्रत्येक नोटेच्या मागील बाजूस एक स्थळ आहे : दहाच्या नोटेवर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक, वीसच्या नोटेवर वेरूळ, पन्नासच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ, शंभराच्या नोटेवर पाटणची रानी की वाव, दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप, पाचशेच्या नोटेवर दिल्लीचा लाल किल्ला. कोठे नाव छापलेले असेल तर ते कागदाने झाकावे. दहाची व पन्नासची नोट शेजारी ठेवून दोन चाकांतील भेद विचारावा. कोणार्कचे चाक मंदिराच्या जोत्याच्या भिंतीस लागून कोरलेले आहे, त्यास आठ जाड व आठ बारीक आरे आहेत, आणि अशी चोवीस चाके मिळून सारे मंदिरच सूर्याचा रथ होते. हंपीचा रथ मात्र अंगणात वेगळा उभा आहे. हा रथ ज्या मंदिराच्या आवारात आहे ते विठ्ठलाचे, हे कळले म्हणजे वारकऱ्यांच्या घरातील मुले कान टवकारतात. शंभराच्या नोटेवरील वाव पाहून एका गावच्या मुलांनी "ही तर बारव!" असे एका सुरात सांगितले व गुरुजींना गावाबाहेरच्या काटेरी झुडपांत दडलेल्या बारवेकडे नेले. तिच्या पायऱ्या मोजण्यात ती सबंध दुपार गेली. परिपाठाच्या वहीत तो दिवस "क्षेत्रभेट" म्हणून नोंदविला आहे, व ते योग्यच झाले.

शेवटचा भाग आपल्या गावाचा. मुलांनी गावातील चार-पाच तुकडे निवडावेत : एखादे जोते, दाराची चौकट, मंदिराच्या दीपमाळेचा हात, वेशीची कमान. घरमालकास विचारल्यावाचून कोणाच्याही घराचे छायाचित्र घेऊ नये, व त्यात माणसे येऊ देऊ नयेत. मोबाइल नसेल तर पेन्सिलीने चित्र काढावे. पुष्कळदा तेच अधिक उपयोगी पडते, कारण काढणाऱ्यास प्रत्येक रेषा पाहावी लागते. हे तुकडे दुसऱ्या तालुक्यातील एखाद्या शाळेकडे पोस्टाने पाठवावेत. प्रत्येक चित्राच्या मागे नाव लिहू नये, केवळ क्रमांक घालावा. गावाचे नाव, दिनांक, भिंतीचे तोंड कोणत्या दिशेस, चित्र कोणी काढले, आणि त्या वास्तूविषयी गावातील वडीलधाऱ्यांनी काय सांगितले ते त्यांच्याच शब्दांत, ही सर्व माहिती क्रमवार एका वेगळ्या कागदावर लिहून शाळेत बंद पाकिटात ठेवावी. पलीकडच्या शाळेने आपले अंदाज, कारणे व खात्री कळविल्यावरच ते पाकीट उघडावे. चुकलेल्या अंदाजांची कारणेही वाचून दाखवावीत.

ज्या शाळेत त्या मुलास शून्य मिळाले होते, त्या शाळेने गेल्या वर्षी असे पाच तुकडे पाठविले. त्यांतील तिसरा गावातील पाटलांच्या वाड्याच्या दाराचा होता : काळ्या दगडाचा उंबरठा, सागवानी चौकट, गणेशपट्टी व तिच्या दोन्ही बाजूंस कोरलेली कमळे. चित्र त्याच मुलाने काढले होते, व कमळाच्या पाकळ्या मोजून घातल्या होत्या. उत्तर यावयास सात आठवडे लागले. पलीकडच्या शाळेने लिहिले : दगड काळा, म्हणून पठार. लाकूड सागाचे दिसते. गणेशपट्टी, म्हणून मराठी घर. गाव वाई किंवा सातारा असावे. खात्री मध्यम. गाव चुकले होते, तरी गुण नऊ देण्यात आले.

तोवर वाडा उतरविण्याचे काम सुरू झाले होते व ती चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेली होती. उत्तर वाचून झाल्यावर मुले दार असलेल्या जागी जाऊन आली. उंबरठ्याचा दगड अजून तेथेच होता. मुलाने त्याची लांबी मोजली, आकडा चित्राखाली लिहिला, आणि गुरुजींनी ते चित्र शाळेच्या दप्तरात लावून घेतले.